गोल्फची पंढरी, गावाचे गायरान

गोल्फ या खेळाविषयी आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरात एक मत फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. हा खेळ साहेबाचा, नाही तर साहेब गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसलेल्या बड्या माणसाचा. कुंपणाआड हिरवेगार रान, दारावर पहारेकरी, आत मोटारींची रांग आणि साहेबाच्या मागून पिशवी वाहणारा एक पोरगा. बसच्या खिडकीतून जाता जाता दिसेल तेवढाच आपला त्याच्याशी संबंध. मी स्वतः विटीदांडू खेळलो आहे, चाळीच्या गच्चीवर रबरी चेंडूने क्रिकेट खेळलो आहे, गोट्यांमध्ये तर एके काळी मला बरेच नाव होते. पण गोल्फची काठी काही कधी हातात धरली नाही. त्यामुळे २०२४ च्या जून महिन्यात एडिंबरोला भाच्याकडे राहायला गेलो असता तो एका रात्री जेवताना म्हणाला, "मामा, रविवारी तुम्हांला सेंट अँड्र्यूजला नेतो, गोल्फचे मैदान बघायला," तेव्हा मी पुढच्या भाताकडे अधिक लक्ष दिले.

सौ.ने मात्र विचारले, "तिथे किल्ला-बिल्ला काही आहे का?"

"आहे ना, मामी. पडका किल्ला आहे, पडके कॅथीड्रल आहे, १४१३ सालचे विद्यापीठ आहे आणि समुद्र तर आहेच."

"मग चला," सौ. म्हणाली, आणि बेत ठरला. रविवारी जायचे, एक रात्र राहायचे आणि सोमवारी परतायचे.

एडिंबरोहून गाडी निघाली की थोड्याच वेळात फोर्थच्या खाडीवरचा तो प्रसिद्ध लोखंडी पूल लागतो. १८९० साली बांधलेला हा तांबडा पूल पाहिला की एखादा राक्षस खाडीत तीनदा कंबर वाकवून उभा आहे असे वाटते. पूल ओलांडला की फाइफ परगणा सुरू होतो. तासाभराने ल्यूकर्स नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरायचे आणि पुढे बसने जायचे, कारण सेंट अँड्र्यूजचे स्वतःचे स्टेशन १९६९ सालीच बंद झाले. ज्या गावाला साऱ्या जगातून माणसे येतात त्या गावाला आगगाडी जात नाही, याचे मला नवल वाटले. पण त्या दोन दिवसांत याहून मोठी नवले पाहायची होती.

पहिले नवल बसमधून उतरून पाच मिनिटे चालल्यावरच दिसले. दगडी घरांची रांग संपली, एक रस्ता आडवा गेला, आणि पलीकडे एकदम गवत! कुंपण नाही, फाटक नाही, पहारेकरी नाही. त्या गवतावर गावातली आयाबायांची गाडी-मंडळी तान्ह्या मुलांना फिरवीत होती. कुत्री मोकळी पळत होती. एक आजोबा नातवाला पतंग उडवायला शिकवीत होते आणि नातवापेक्षा स्वतःच जास्त रंगले होते. एका चिमुकल्या दगडी पुलावर नवविवाहित जोडप्याचा फोटो निघत होता, आणि मागे आणखी दहा-बारा माणसे आपल्या पाळीची वाट पाहत होती.

"मैदान कुठे आहे?" मी भाच्याला विचारले.

"मामा, आपण मैदानातच उभे आहोत. हेच ते ओल्ड कोर्स."

जगातले सर्वांत जुने आणि सर्वांत नावाजलेले गोल्फचे मैदान दर रविवारी बंद असते. म्हणजे खेळणाऱ्यांना बंद, आणि गावाला उघडे. वर्षातल्या काही मोठ्या स्पर्धांचे रविवार सोडले तर हा नियम मोडत नाही. मैदान मधोमध चिरत जाणारा एक सार्वजनिक रस्ताही आहे. ग्रॅनी क्लार्कची गल्ली असे त्याचे घरगुती नाव. खेळ चालू असतानासुद्धा समुद्रावर जाणारी माणसे त्या गल्लीने मैदान ओलांडतात आणि खेळणारा, मग तो कितीही मोठा असो, काठी खाली धरून थांबतो.

ही जमीन मुळात कशी आहे ते समजल्याशिवाय यातले मर्म कळायचे नाही. समुद्र आणि शेती यांच्या मधोमध वाळूच्या टेकाडांचा जो उंचसखल पट्टा असतो त्याला स्कॉटलंडमध्ये 'लिंक्स' म्हणतात. नांगर घालावा तर वाळू, घर बांधावे तर पाया धरत नाही. अशी जमीन आपल्याकडे असती तर तिला आपण गायरान म्हटले असते, आणि सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी तिचा उपयोगही नेमका तसाच केला. मेंढ्या चारल्या, ससे धरले, बायकांनी ओढ्यावर कपडे धुऊन झुडपांवर वाळत घातले, पोरांनी चेंडू लाथाडला, तरुणांनी तिरंदाजी केली आणि रिकाम्या माणसांनी काठीने चेंडू मारीत सशाच्या बिळापर्यंत नेला. ही शेवटची करमणूक इतकी वाढली की १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोहोंवर बंदी घातली. माणसे तिरंदाजीचा सराव टाकून याच्याच नादी लागतात, मग इंग्रजांशी लढायचे कोणी? बंदी अर्थातच टिकली नाही. 'अभ्यास टाकून खेळतो काय' हे वाक्य आपल्या घरांत अजून ऐकू येते आणि त्याचाही परिणाम तेवढाच होतो.

पुढे १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याच्या सनदेत गावाचा हक्क लिहून निघाला. आर्चबिशपने लिंक्सवर ससे पाळावेत, पण गावकऱ्यांनी तेथे गुरे चारण्याचा, गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर सर्व खेळ खेळण्याचा हक्क अबाधित राहील, असा तो करार. पावणेपाचशे वर्षांपूर्वी एका लहान गावाने आपल्या गायरानाचा कागद करून घेतला होता! हा कागद नसता तर आजचे सेंट अँड्र्यूज नसते. कारण अडीचशे वर्षांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, नगरपालिकेचे दिवाळे वाजले. १७९७ साली लिंक्स गावाच्या हातातून गेले, आणि जमीन घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी तेथे सशांची शेती सुरू केली. सशांनी मैदानाची चाळण केली. गावकऱ्यांचे म्हणणे पडले की जमीन कोणाचीही असो, आमचा खेळण्याचा हक्क सनदेत आहे. मग कज्जे झाले, मारामाऱ्या झाल्या, ससे मारले गेले. वीस वर्षे हे 'ससा-युद्ध' चालले. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने लिंक्स विकत घेतले. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता, त्यामुळे मैदान वाचले. आणि १८९४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून ते पुन्हा नगरपालिकेच्या ताब्यात दिले.

आता दुसरे नवल ऐका. मैदानाच्या तोंडाशी एक भारदस्त दगडी इमारत उभी आहे. तो रॉयल अँड एन्शंट क्लब. १७५४ साली बावीस सभ्य गृहस्थांनी त्याची स्थापना केली, १८३४ साली चौथ्या विल्यम राजाने त्याला 'रॉयल' केले. सबंध जगाला गोल्फचे नियम याच घराण्याने शिकवले. २०१४ पर्यंत या क्लबात बायकांना सभासद होता येत नव्हते, हेही सांगून टाकतो, कारण सौ.ने ते मला दोनदा सांगितले. एवढा दिमाख पाहून कोणालाही वाटावे की मैदान या क्लबाचेच. तसे मुळीच नाही. क्लबाच्या खिडकीसमोरचे गवत क्लबाचे नाही, ते सार्वजनिक आहे. क्लबाचा सभासदसुद्धा तेथे खेळतो तो इतरांप्रमाणे वेळ घेऊन.

१९७४ साली स्कॉटलंडमधल्या जुन्या नगरपालिका मोडीत निघण्याच्या बेतात होत्या. तेव्हा गावाच्या मनात धास्ती शिरली की दूरच्या कुठल्या तरी मोठ्या कचेरीच्या ताब्यात लिंक्स जाईल आणि मग आपल्याला कोण विचारतो? म्हणून संसदेचा आणखी एक कायदा झाला आणि सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट स्थापन झाला. त्यात स्थानिक कौन्सिलने नेमलेली माणसे, क्लबाने नेमलेली माणसे, सरकारने नेमलेला एक विश्वस्त आणि त्या भागाचा खासदार असे सारे एकत्र बसतात. नफा वाटून घ्यायला कोणी भागधारक नाहीत. जे मिळते ते गवतात परत जाते. आज या ट्रस्टकडे एकंदर सात मैदाने आहेत, त्यांतले एक नऊ होलचे, मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी. सेंट अँड्र्यूजच्या एखाद्या मास्तराचा, न्हाव्याचा, टपालवाल्याचा मुलगा तेथे खेळायला शिकतो.

हे ऐकताना माझे चित्त मधूनच भलतीकडे जात होते. आमच्या उपनगरात एक मैदान आहे. मी त्या वस्तीत राहायला आलो तेव्हा तेथे संध्याकाळी सहा-सात क्रिकेटचे डाव एकमेकांच्या अंगावरून चालत. एका डावाचा स्लिपमधला गडी दुसऱ्या डावाचा मिडऑन असे. कडेने म्हातारे फिरत, मधे कबड्डीचे पट्टे आखलेले असत. पावसाळ्यात चिखल होई, उन्हाळ्यात धूळ उडे, हे खरेच. मग ते मैदान 'सुधारण्यासाठी' एका संस्थेकडे सोपवण्यात आले. तिने भिंत घातली, हिरवळ लावली, दिवे लावले, फाटक बसवले आणि फाटकावर वेळापत्रक आणि दरपत्रक टांगले. आता मैदान फार सुंदर दिसते. फक्त ते भिंतीवरून वाकून पाहावे लागते. आम्ही काही रहिवाशांनी समिती केली, अर्ज केले, खेटे घातले. प्रत्येक वेळी आम्हांला एकच उत्तर मिळाले: "मोकळे ठेवले तर राखायचे कसे? खर्च कोण करणार?"

प्रश्न खोटा नव्हता. म्हणूनच त्या रविवारी ओल्ड कोर्सच्या गवतावर बसून मी तोच प्रश्न भाच्याला केला. "अरे, हे राखतात कसे? खर्च कोण करतो?"

भाचा हिशेबतपासनीस असल्यामुळे हिशेबाची गोष्ट त्याला बरोबर सांगता आली. पूर्वी येथे कोणालाच पैसे पडत नसत. १९१३ पासून पाहुण्यांकडून शुल्क घेऊ लागले. गावकऱ्यांना मात्र दुसरे महायुद्ध संपेपर्यंत खेळ फुकट होता. आज परदेशी पाहुण्याला ऐन हंगामात ओल्ड कोर्सवर एक फेरी खेळायची तर तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात. गावचा रहिवासी मात्र पाहुण्याच्या एक-दोन फेऱ्यांच्या पैशांत वर्षभराचे तिकीट काढतो आणि मोठ्या मैदानांवर वर्षभर खेळतो. म्हणजे अमेरिकेतल्या लक्षाधीशाने एक सकाळ खेळावे आणि त्याच्या पैशातून गावच्या पोरांचे गवत कापले जावे, अशी ही व्यवस्था!

"मग लक्षाधीशांनाच सगळ्या वेळा विकल्या म्हणजे गाव श्रीमंत होईल की," मी म्हटले.

"तिथेच तर गोम आहे, मामा. सगळ्या विकता येत नाहीत. गावच्या लोकांसाठी वेळा राखून ठेवाव्या लागतात. आणि पाहुण्यांच्याही पुष्कळशा वेळा सोडतीने जातात."

ही सोडत फार गमतीची आहे. आज नाव द्यायचे, परवाच्या खेळासाठी. चिठ्ठ्या निघाल्यासारखी नावे निघतात. राजा असो वा रंक, नशिबाने नाव निघाले तर खेळायचे. एकट्यानेच आलेल्या माणसाला पूर्वी पहाटेच्या रांगेत उभे राहावे लागे; माणसे रात्रभर थंडीत कुडकुडत बसत. २०२४ पासून एकट्यांसाठीही आदल्या दिवशी सोडत काढू लागले आणि रात्रीची ती तपश्चर्या संपली. काही जुन्या भक्तांना याचे वाईट वाटले म्हणे. पंढरपूरला रांगेत उभे न राहता दर्शन झाले तर आपल्यालाही काहीसे चुकल्यासारखे वाटतेच.

सोमवारी सकाळी साडेपाचला मला जाग आली. तिकडे जूनमध्ये चार-साडेचारलाच उजाडते. सौ. झोपली होती. मी कोट घालून मैदानाकडे गेलो, तो खेळणाऱ्यांच्या आधी माळी हजर. एक जण होल बदलत होता. होल म्हणजे आपल्या गोट्यांतली गलच, फक्त जरा खोल. दुसरा लांब वेताने हिरवळीवरचे दव झाडत होता. तिसरा, पन्नाशीचा, गुडघ्यांवर बसून एका वाळूच्या खड्ड्याच्या भिंतीला हात लावून पाहत होता. मी नमस्कार केला आणि हिंदुस्थानातून आलो, खेळ येत नाही, पण गवताबद्दल विचारायचे आहे, असे सांगितले. त्याचा चेहरा खुलला. खेळाबद्दल विचारणारे रोज शंभर भेटत असतील, गवताबद्दल विचारणारा बहुधा मीच पहिला.

"गवताला लाडावू नये," तो म्हणाला, आणि हेच त्याच्या शास्त्राचे सार होते. येथले मूळचे गवत फेस्क्यू जातीचे. सुईसारखे बारीक, वाळूत खोल मुळे सोडणारे, थोडक्या पाण्यावर आणि थोडक्या खतावर जगणारे. त्याला भरपूर पाणी आणि खत दिले की मैदान हिरवेगार दिसू लागते खरे, पण ती हिरवळ दुसऱ्याच मऊ, उथळ मुळांच्या गवताची असते. ते भराभर वाढते, मूळच्या गवताला हुसकते, आणि पहिल्या रोगाला किंवा दुष्काळाला बळी पडते. म्हणून उन्हाळ्यात मैदान पिवळे पडले तर पडू द्यायचे. पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू द्यायचे. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, ओल्ड कोर्सवर खेळणाऱ्याने चेंडू लहानशा चटईवर ठेवून मारायचा, म्हणजे गवताचे ढेकूळ उडत नाही. आणि रविवारची सुट्टी खरे म्हणजे मैदानालाच. वाळूच्या खड्ड्यांच्या भिंती गवताच्या चौकोनी चकत्या विटांसारख्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात. वारा आणि ऊन त्या झिजवतात, त्यामुळे हिवाळा आला की पुन्हा बांधायच्या. ओल्ड कोर्सवर असे ११२ खड्डे मोजतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्यापैकी एकाचे नाव 'नरक'. पूर्वी मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून जेथे अंग चोरून बसत, तेथे हे खड्डे पडले असे सांगतात.

या माळ्यांचा मूळपुरुष टॉम मॉरिस. थोरला टॉम. जन्म याच गावात, १८२१ साली. प्रथम पिसे भरून चामड्याचे चेंडू शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली, पुढे दुसऱ्या गावी मैदान राखले आणि १८६० नंतर सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी त्याला परत बोलावले. कामावर रुजू होताना त्याच्या हाती एक ढकलगाडी, एक कुदळ आणि एक फावडे दिले, आणि जड कामाला आठवड्यातून दोन दिवस एक मजूर. या सामग्रीवर त्या माणसाने मैदानाचा कायापालट केला. काटेरी झुडपे तोडून वाटा रुंद केल्या. ओढ्याकाठी पहिली हिरवळ नव्याने केली, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटा सुट्या झाल्या. शेवटच्या होलची हिरवळ त्याने एक खळगा भरून बनवली. खणताना तेथे माणसांची हाडे निघाली म्हणतात. वाळू पसरल्याने गवत जोमाने येते हे त्याला एकदा ढकलगाडीतली वाळू सांडल्यामुळे कळले, अशीही एक गोष्ट सांगतात. पुढे त्याने हातातली वाळू कधी खाली ठेवली नाही. मैदान रविवारी बंद ठेवण्याचा आग्रह त्याचाच; खेळणाऱ्यांना विश्रांती नको असेल, पण गवताला हवी, असे तो म्हणे.

तो स्वतः चार वेळा ओपन स्पर्धा जिंकला. त्याचा मुलगा धाकटा टॉमही चार वेळा जिंकला, आणि बापापेक्षा सरस निघाला. १८७५ साली धाकट्याची बायको बाळंतपणात मुलासह गेली, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हा मुलगाही गेला. चोवीस वर्षांचा होता. बाप त्यानंतर बत्तीस वर्षे जगला. १९०३ पर्यंत रोज मैदान राखत होता. कॅथीड्रलच्या पडक्या भिंतींच्या आत बापलेकांच्या समाध्या आहेत. सौ.ने तेथे बराच वेळ काढला. परतताना एवढेच म्हणाली, "काम होते म्हणून माणूस जगला."

मैदानाची रचना पाहिली की आपल्या मुंबईच्या आझाद मैदानाची आठवण होते. तेथे जसे एका सामन्याच्या हद्दीत दुसऱ्या सामन्याची खेळपट्टी, तसेच येथे. होल अठरा, पण हिरवळी अकराच. त्यांतल्या सात हिरवळी जोडीच्या, म्हणजे जाणारे आणि येणारे एकाच हिरवळीवर खेळतात. जाताना पांढरे निशाण, येताना तांबडे. आणि जोडीतल्या आकड्यांची बेरीज नेहमी अठराच, म्हणजे दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, असे. अठरा हा आकडाही याच गावाचा. पूर्वी फेरी बावीस होलची असे. १७६४ साली पहिल्या चारांचे दोन केले, जातायेता चार कमी झाले, आणि पुढे सबंध जग अठरा खेळू लागले. वाटा अरुंद, जागा थोडी, माणसे फार. तेव्हा एकमेकांना सांभाळून घ्यायचे, एवढ्यावर सारे चालले आहे.

अशा जागेत सुधारणा करणे हे मोठे जोखमीचे काम. त्या फोटोवाल्या चिमुकल्या दगडी पुलाचेच घ्या. स्विल्कन ओढ्यावरचा हा पूल सुमारे सातशे वर्षांचा मानतात. धनगरांनी मेंढ्या नेण्यासाठी बांधलेला. फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी त्याच्या तोंडाशी गवत उरेना, नुसता चिखल. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत तेथे दगडी फरसबंदी केली. हेतू चांगला, पण लोकांनी चित्र पाहिले मात्र, जगभर गिल्ला झाला. कोणी म्हणे परसातला ओटा, कोणी म्हणे बंगल्याची पडवी. थोड्याच दिवसांत फरशी उखडली आणि तेथे पुन्हा गवत लावले. त्याआधी २०१२ साली काही खड्डे आणि हिरवळी बदलण्याचे काम काढले तेव्हाही असेच वादळ उठले होते; ते बदल मात्र टिकले.

मी माळीबुवांना विचारले, "मग फरशी काढली, चिखल झाला त्याचे काय?"

"चिखल होतोच," ते म्हणाले. "आम्ही पुन्हा गवत लावतो. पुन्हा चिखल होतो. पुन्हा लावतो."

आमच्या मैदानाच्या प्रश्नाचे उत्तर मला या तीन लहान वाक्यांत सापडले. मोकळे ठेवायचे तर झिजणारच. राखणे म्हणजे झिजेल ते पुन्हा भरणे, रोज, न कंटाळता. आणि त्यासाठी पगारी माणूस ठेवणे. भिंत एकदाच बांधावी लागते, म्हणून ती स्वस्त वाटते.

दुपारी आम्ही 'हिमालया'वर गेलो. हसू नका. ओल्ड कोर्सच्या शेजारी उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे, त्याला 'हिमालय' म्हणतात. १८६७ साली गावातल्या बायकांनी आपला वेगळा क्लब काढला. बायकांनी काठी खांद्यापर्यंत उचलणे त्या काळी शोभत नसे, म्हणून फक्त हलकेच चेंडू ढकलण्याचा खेळ. जागा थोरल्या टॉमने तयार करून दिली. तो बायकांचा क्लब अजून आहे, आणि चार-दोन पौंड देऊन कोणालाही तेथे खेळता येते. भाच्याने काठ्या आणल्या. माझा चेंडू चढावरून माघारी माझ्याच पायाशी आला. सौ.ने पदर खोचला, एक डोळा मिटला आणि पहिल्याच फटक्यात चेंडू टेकाडाला वळसा घालून होलात! शेजारच्या दोन स्कॉच आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. एकीने विचारले, पूर्वी कधी खेळला होता का? सौ.ने मराठीतच सांगून टाकले, "लहानपणी गोट्या खेळलेय." त्या आजीबाईंना काय कळले देव जाणे, पण तिघी खूप हसल्या.

बसला अजून तासभर होता म्हणून समुद्रावर गेलो. वेस्ट सँड्स ही दोन मैलांची अफाट पुळण. १९८१ सालच्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटात तरुण धावपटू पळताना दिसतात ते येथेच. पुळण आणि मैदान यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांची एकच ओळ आहे. समुद्राला अडवणारी तटबंदी म्हणाल तर तेवढीच. २०१० सालच्या वादळात ती फुटली होती. तेव्हापासून वाळू आणून टेकाडे भरतात आणि त्यांवर मॅरम नावाचे राठ गवत लावतात, कारण त्याच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. पलीकडे ईडन नदीच्या मुखाशी विद्यापीठाची मंडळी खाजणातले गवत पुन्हा रुजवीत आहेत. सनदेने ससेवाल्यांना हटवले, कायद्याने मैदान गावाचे राहिले. पण समुद्र काही सनद वाचत नाही. त्याच्यापुढे पुन्हा ढकलगाडी, फावडे आणि गवताची रोपे!

टेकाडांच्या कडेला दोरी लावलेली होती आणि पाटीवर विनंती होती की नवी रोपे तुडवू नयेत. दोरी गुडघ्याएवढीच उंच. कोणीही सहज ओलांडली असती. आम्ही तेथे होतो तोवर पुष्कळ माणसे आली, पोरे आली, कुत्रीसुद्धा आली. सगळी दोरीच्या कडेकडेने वळसा घालून समुद्राकडे गेली.